घोड्याचा डावा पाय

“मावशी, हा तो फारॉन नाही.”

पुस्तक उशाशी पालथं घालून भाची एवढंच बोलली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. “तो नाही म्हणजे काय गं?” असं विचारलं, तर पांघरुणाच्या आतून उत्तर आलं, “बोलतो तसाच. कपड्यांचे लाड तेच, टोमणे तेच. पण तो नाहीये. त्याचं सोंग घेऊन कुणीतरी दुसराच आलाय.” मी काही बोलायच्या आत तिचा श्वास संथ झाला होता. सतरा वर्षांची मुलगी. या वयात झोप हाकेच्या अंतरावर असते.

मला मात्र झोप लागेना. ते सहाही भाग माझे आहेत. ‘वॉर ऑफ द स्पायडर क्वीन’ ही अद्भुत कादंबऱ्यांची मालिका २००२ ते २००५ या काळात आली. मी ती येईल तशी वाचली होती, दोन भागांमधले महिने मोजत. आता पुस्तकांच्या कडा मऊ पडल्यात, पहिल्या भागाचा कणा मधोमध चिरलाय, पान उघडलं की जुन्या डिंकाचा कोरडा वास येतो. भाचीला देताना मी मुद्दामच सांगितलं नव्हतं की हे सहा भाग सहा जणांनी लिहिलेत. मुखपृष्ठांवर आर. ए. साल्वातोरे यांचं नाव आहे आणि जेराल्ड ब्रॉम यांनी रंगवलेल्या त्या काळ्या कातडीच्या, पांढऱ्या केसांच्या आकृत्यांवर नजर अशी खिळते की खाली लिहिणाऱ्याचं नाव काय आहे हे बघायचं राहून जातं. साल्वातोरे यांनी मालिकेवर देखरेख केली, पण सहांपैकी एकही भाग त्यांनी स्वतः लिहिलेला नाही. ती समजत होती, सगळं एकाच माणसाचं आहे. आणि तरी तिला कळलं. बोट ठेवून दाखवता येणार नाही असं काहीतरी तिच्या कानाला खटकलं होतं.

मी स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि पहिला व चौथा भाग शेजारी शेजारी उघडून बसले.

फारॉन मिझरिम हा जादूगार. मेन्झोबेरान्झन या जमिनीखालच्या शहरातला, जिथे पुजारिणींचं राज्य आहे आणि पुरुषाने डोळे खाली ठेवून वागायचं असतं. तो तसं वागत नाही. नटतो, मुरडतो, ज्यांच्यापुढे तोंड मिटून बसावं त्यांच्यापुढेच जीभ सैल सोडतो. मी त्याचे संवाद एकाखाली एक वाचत गेले. चौथ्या भागात शब्द चुकलेला नाही, सवय विसरलेली नाही, खोडी सुटलेली नाही. तासाभराने मला जाणवलं ते असं: पहिल्या भागात तो बडबडतो तेव्हा आतलं काहीतरी झाकायला बडबडतो. चौथ्या भागात तो बडबड्या आहे म्हणून बडबडतो. एवढाच फरक. ज्याने तो माणूस पहिल्यांदा या मालिकेत उभा केला, त्याला त्याच्या बडबडीमागची भीती ठाऊक होती. पुढच्याच्या हाती आली ती बडबडीची नोंद. कदाचित हे मी माझ्याकडून भरतही असेन. मध्यरात्री दोन पुस्तकं समोर घेऊन बसलेल्या माणसाला हवं ते दिसतं. पण भाचीला तर ते न शोधता दिसलं होतं.

आणि मला आजी आठवली.

आजी आम्हा भावंडांना रोज रात्री एकच गोष्ट पुढे पुढे सांगायची. एक राजपुत्र, त्याचा कबरा घोडा आणि कधीच न संपणारं रान. तो घोडा पुढच्या डाव्या पायाने किंचित लंगडायचा. का लंगडायचा ते तिने कधी सांगितलं नाही, पण रान तुडवताना ती तोंडाने टापांचा आवाज काढायची तो तीन टापा आणि एक अर्धी असा. टप टप टप… टुप. त्या अर्ध्या टापेच्या आधी ती थांबायची, आणि त्या थांबण्यात आमचा जीव अडकलेला असायचा. एकदा आजी आजारी पडली. चार दिवस गोष्ट बंद. पाचव्या रात्री बाबा येऊन बसले आणि म्हणाले, चला, मी सांगतो पुढे. बाबा छान सांगत होते. रान तेच, राजपुत्र तोच, नावंही बरोबर. आणि मग त्यांचा घोडा चौखूर उधळला. मी रडायला लागले. सगळ्यांना वाटलं आजीची आठवण आली. मला धड सांगताही येईना की घोडा उधळूच शकत नाही, त्याचा पाय दुखतोय, आणि तुम्हाला ते माहीतच नाही.

दुसऱ्या रात्री बाबा पुन्हा आले. गोष्ट सुरू करायच्या आधी त्यांनी मला जवळ घेऊन विचारलं, “कुठला पाय?”

मी म्हटलं, पुढचा, डावा.

त्या रात्रीपासून घोडा लंगडू लागला. बाबांना आजीसारखा टापेचा आवाज कधीच काढता आला नाही, त्यांची अर्धी टाप ओबडधोबड यायची. पण ती यायची. मला ती पुरेशी होती. अजूनही वाटतं की गोष्ट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना आवाज सारखा राहावा ही अपेक्षा मी तेव्हाही केली नव्हती. माझं मागणं एवढंच होतं की कुठला पाय दुखतोय हे पुढच्याला ठाऊक असावं.

अशा मालिकांबद्दल वाचक बोलतात तेव्हा मात्र हिशेब वेगळाच असतो. माझे वाचणारे मित्र-मैत्रिणी काय किंवा मी स्वतः काय, आम्ही सहाही भागांना परीक्षेचे पेपर तपासावेत तसे गुण देत आलो. पहिला रिचर्ड ली बायर्स यांचा, तो उत्तम. दुसरा थॉमस एम. रीड, ठीक. तिसरा रिचर्ड बेकर, चौथा लिसा स्मेडमन, पाचवा फिलिप ॲथन्स, सहावा पॉल एस. केम्प, मग कुणाचा वरचा नंबर, कुणी माती केली, यावर तावातावाने वाद. मी स्वतः कितीतरी वर्षं सांगत फिरले की पहिला वाचा, शेवटचा वाचा, मधले चाळा. आज त्या बोलण्याची मला खंत वाटते. कारण पहिल्याला जे मिळालं ते मधल्यांना मिळणारच नव्हतं. बायर्स यांच्या हाती सगळं कोरं होतं: लॉल्थ ही कोळ्यांची देवी अचानक गप्प झाली आहे, तिच्या बळावर राज्य करणाऱ्या पुजारिणींचे मंत्र लागत नाहीत, आणि हे गुपित फुटलं तर शहर त्यांच्यावर उलटेल. या एका भयावर अख्खं पुस्तक उभं राहतं. गल्लीबोळ, कारस्थानं, संशय, सगळं एकाच शहराच्या पोटात. शेवटच्या लेखकाच्या वाट्याला उलगडा येतो, मृत्यू येतात, देवी पुन्हा बोलते. आणि मधल्यांच्या वाट्याला, देवी का गप्प आहे हे शोधायला निघालेल्या टोळीचं चालणं येतं.

चालणं लिहिणं फार अवघड. रीड यांनी दुसऱ्या भागात चेड नसाद उभं केलं, एका प्रचंड दरीत ताणलेल्या, दगड झालेल्या कोळिष्टकांवर लटकणारं शहर, आणि त्याच पुस्तकात ते जाळून खाली पाडलं. दगडालाही पेट घ्यायला लावणारी ती आग, तुटून खोल जाणारे ते रस्ते आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पण मग तिसऱ्याने काय करायचं? एक शहर कोसळल्यावर वाचकाला त्याहून मोठं काहीतरी हवं असतं, आणि तिसऱ्या लेखकाच्या खिशात असतात तीच सात-आठ माणसं, ज्यांना मारायची मुभा नाही आणि पार बदलून टाकायचीही नाही, कारण ती पुढच्याला धडधाकट सोपवायची आहेत. रॉबर्ट ॲस्प्रिन यांनी १९७९ मध्ये ‘थीव्ह्ज वर्ल्ड’ नावाचं कथासंग्रहांचं सत्र सुरू केलं, त्यात अनेक लेखक एकाच शहरात आपापली पात्रं घेऊन राहायला आले. तिथेही हीच अट होती: दुसऱ्याचं पात्र आपल्या कथेत खुशाल आणा, पण त्याच्या परवानगीशिवाय त्याचा जीव घेऊ नका, त्याचा स्वभाव फिरवू नका. दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून राहावं आणि जाताना भांडी मोजून द्यावीत, तसं हे लिहिणं. यात लेखकाचा हात मोकळा सुटत नाही. तो अवघडलेला हात पानावर दिसतो, आणि आम्ही वाचक त्याला लेखकाची दुर्बलता म्हणतो.

भाचीचं म्हणणं यामुळे खोटं ठरत नाही. फारॉन तिला परका वाटला, तो वाटलाच. मधल्या लेखकाच्या अडचणी समजून घ्यायची जबाबदारी वाचकावर नाही. पुस्तक हातात असताना तो एकटा असतो आणि त्याला फक्त समोरचा माणूस खरा हवा असतो. माझी ओढाताण इथेच आहे. मला त्या लेखकांची बाजू घ्यावीशी वाटते आणि भाचीचीही.

‘व्हील ऑफ टाइम’ या दुसऱ्या एका कादंबरीमालिकेच्या वेळी हे मी फार जवळून अनुभवलं होतं. तिथे तर ठरवून सहा हात नव्हते. रॉबर्ट जॉर्डन यांनी १९९० पासून ती गोष्ट एकट्याने वाढवत नेली आणि २००७ मध्ये, शेवट हाताशी असताना, ते गेले. त्यांची पत्नी हॅरिएट मॅकडूगल हीच त्यांची संपादक. ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाने जॉर्डन यांच्यावर लिहिलेला श्रद्धांजलीचा मजकूर तिच्या वाचनात आला, आणि टिपणं, सुटी प्रकरणं, जॉर्डन यांनी जाण्यापूर्वी लिहून ठेवलेला अखेरचा प्रसंग असं सगळं तिने त्याच्यावर सोपवलं. एका पुस्तकाचं काम तीन पुस्तकांवर गेलं. २००९, २०१० आणि २०१३. त्यातलं पहिलं हातात आलं तेव्हा मी रांधणं-जेवणं विसरून वाचत होते, आणि मॅटच्या पहिल्या प्रकरणाशी थबकले. मॅट कॉथन माझा लाडका. जॉर्डन यांच्या हातात मॅटचा विनोद असा यायचा की मॅटला स्वतःला पत्ता नसायचा आपण विनोदी आहोत याचा. तो कपाळाला आठ्या घालून तक्रार करत असायचा आणि हसू आपल्याला यायचं. नव्या पुस्तकात मॅट विनोद करत होता. करतोय हे त्याला ठाऊक होतं. बाबांच्या उधळलेल्या घोड्यासारखं मला पुन्हा घशात दाटून आलं. पुढे सँडरसन यांनीच मोकळेपणाने कबूल केलं की सुरुवातीला मॅट त्यांना सापडला नव्हता, आणि पुढच्या दोन पुस्तकांत तो हळूहळू सापडत गेल्याचं मला दिसलंही. त्या कबुलीने माझा राग कुठल्या कुठे गेला. तो माणूस येऊन विचारत होता, कुठला पाय?

आपल्याकडे या बाबतीत फार जुना आणि फार कडक निवाडा होऊन गेलाय. ज्ञानेश्वरी १२९० मधली. पुढची जवळपास तीनशे वर्षं ती हातोहात नकलली गेली, त्यात कुणी शब्द बदलला, कुणी भक्तीच्या भरात पदरची ओवी घातली. एकनाथांनी १५८४ मध्ये पोथ्या पडताळून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावून ठेवलं की इथून पुढे जो यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. नरोटी, म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. शाळेत हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. अमृताचं ताट आणि त्यात मधोमध ती खरखरीत करवंटी. ज्यांना कुठल्याही मालिकेत दुसऱ्याचा हात खपत नाही, त्या वाचकांची चीड मला या प्रतिमेतून नीट कळते. पण एकनाथांनी तो पाठ शुद्ध केला म्हणजे शेवटी काय केलं, तर दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावला. इतक्या जपून, की तो हात कुठे लागला हे आज वाचताना कळत नाही. एकाच माणसात ही चीड आणि ही माया दोन्ही होती. आणि इकडे महाभारत आहे. व्यासांनी रचलं, वैशंपायनांनी जनमेजयाच्या यज्ञात सांगितलं, सौतीने ते नैमिषारण्यात ऋषींपुढे पुन्हा सांगितलं, आणि सांगणाऱ्यांची ही साखळी त्या ग्रंथाने पोटातच ठेवली, झाकली नाही. आपण तिथे नरोटी शोधत बसत नाही.

मेन्झोबेरान्झनच्या गोष्टीतही हात मोजायला बसलं तर सहांवर भागत नाही. लॉल्थ गॅरी गायगॅक्स यांनी १९७०च्या दशकात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळासाठी आणली. ज्या जगाच्या पोटात हे शहर आहे ते एड ग्रीनवुड यांचं. शहराला जिवंत केलं साल्वातोरे यांनी. मग सहा जण आले. आणि त्यांना जी कथा लिहायला मिळाली ती कुठली, तर निर्माती गप्प झाली आहे आणि तिची लेकरं अंधारात चाचपडत तिचा आवाज शोधताहेत. ज्या शहराचा कर्ता मुखपृष्ठावर आहे पण आतला एकही भाग त्याचा नाही, त्या शहराची हीच कथा असावी, हे मला पहिल्या वाचनात दिसलं नव्हतं. त्या रात्री स्वयंपाकघरात दिसलं, आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट सापडली.

फारॉनचा एक मित्र आहे, रिल्ड आर्गिथ. शस्त्रविद्येचा गुरू, शहरातल्या सगळ्यात घाणेरड्या वस्तीतून स्वतःच्या मनगटावर वर आलेला, पाठीवर ‘स्प्लिटर’ नावाची भलीमोठी तलवार. कमी बोलणारा. मैत्री या शब्दाला जिथे थारा नाही अशा शहरात हे दोघं त्यातल्या त्यात मित्र. पहिल्याच भागात एका कोंडीत फारॉन आपल्या विद्येच्या बळावर निसटतो आणि रिल्डला शत्रूंच्या हाती टाकून जातो. रिल्ड वाचतो. दोघं पुन्हा भेटतात, पुन्हा एकत्र निघतात, कुणी फार बोलत नाही. प्रसंग संपतो आणि कथा पुढे पळते. मला वाटायचं की संपलाच. पण चौथा भाग नीट वाचला, घाई न करता, तर तिथे रिल्ड फारॉनला आणि सगळ्या टोळीला सोडून हॅलिस्ट्रा या पुजारिणीकडे जातो, वरच्या उजेडाच्या जगात तिच्याबरोबर राहतो. ज्या डोळ्यांना ऊन सोसत नाही ते घेऊन. स्मेडमन यांच्या त्या पानांवर मला बायर्स यांनी केलेली जखम ठसठसताना ऐकू आली. ज्या पुस्तकातला फारॉन भाचीला सोंग वाटला, त्याच पुस्तकाने रिल्डचा दुखरा पाय लक्षात ठेवला होता. आणि याच पुस्तकाला मी वीस वर्षांपूर्वी “चाळा” म्हणून निकालात काढलं होतं.

मी हे भाचीला सांगितलं नाही. तिच्या पुढच्या भागात काय आहे मला माहीत होतं. पाचव्या भागाचे लेखक ॲथन्स हे या पुस्तकांचे संपादकही होते, म्हणजे इतरांची हस्तलिखितं वाचणारा माणूस स्वतः रांगेत उभा राहिला. त्यांच्या पुस्तकात रिल्ड मरतो. रानात, बर्फात, जेग्रेड नावाच्या अर्ध्या दैत्याशी झुंजताना. माझ्या मैत्रिणींपैकी एकीने तिथेच मालिका सोडली. इतका उमदा योद्धा आणि त्याला असा मारला म्हणून ती आजही चिडते. मलाही तेव्हा तो मृत्यू फुकट गेल्यासारखा वाटला होता.

आठवड्याने भाची त्या पानापर्यंत पोचली. दुपारची वेळ होती, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ती आतल्या खोलीतून आली, बोट पुस्तकात अडकवलेलं, डोळे लाल. शेजारी बसली आणि एक घडी उगीचच उलगडून पुन्हा घातली.

“रिल्ड गेला.”

“हं.”

“आणि फारॉन तिथे नव्हता.” ती थोडा वेळ गप्प राहिली. “याही वेळी नव्हता. मावशी, हे लिहिणाऱ्याला आठवत होतं का गं? की तो त्याला आधी एकदा टाकून गेला होता?”

मी तेव्हा तिला सांगितलं की लिहिणारे सहा आहेत. तिने पुस्तक उलटंपालटं करून मुखपृष्ठ पाहिलं, पहिल्यांदाच, नाव बोटाने चाचपत. मग उठली, कपाटातून पहिला भाग काढला, त्याचा चिरलेला कणा तळहातावर सांभाळून धरला आणि ते पान शोधायला लागली.